मागची काच

आत्या,

त्या सकाळी गोठा झाडून झाला होता, दूध डेअरीला गेलं होतं, चुलीवरचा हंडा उतरवून ठेवला होता आणि मी पडवीत लिंबांच्या ढिगापुढं बसून निवड करत होते. पिवळी एका पाटीत, हिरवट दुसऱ्या पाटीत, डागाळलेली लोणच्यासाठी बाजूला. तुम्ही ओट्यावर पाय सोडून बसला होता आणि एकेक लिंबू उचलून माझ्या पाटीतून दुसऱ्या पाटीत टाकत होता, कारण माझी निवड तुम्हाला कधीच पुरती पटायची नाही. आतून थोरले आणि धाकटे दीर यांचा आवाज येत होता. ते भांडत नव्हते, पण दोघंही एकाच वेळी बोलत होते, आणि आपल्या घरात तेव्हा भांडणाचं रूप असंच असायचं. तुम्ही लिंबू हातात धरून म्हणालात, "ह्या दोगांच्या गाडीपायी माजं कान किटलं. आगं, तू वाचून दाव बरं मला, काय हाय त्या कागदात." मी हात पदराला पुसले आणि थोरल्यांनी खुंटीच्या पिशवीत ठेवलेले गाड्यांच्या जाहिरातींचे दोन्ही गुळगुळीत कागद काढून आणले. लिंबाचे हात त्यांना लागले. पुढं कितीतरी दिवस त्या कागदांना लिंबाचा वास येत होता.

सासूला आत्या म्हणायचं, हे तुम्हीच मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं. सासूबाई म्हटलं की मला कुणीतरी दुसरंच आलंय असं वाटतं, म्हणालात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, घरात आता मलाच सगळ्यात मोठी म्हणतात, तरी मनात तुमच्याशी बोलताना तोंडातून आत्याच येतं. म्हणून तसंच लिहिते.

तो दसऱ्याच्या आधीचा महिना होता. सालाचा आकडा मला आता नक्की आठवत नाही, पण काष्टीच्या चौकात एस.टी.डी.चे बूथ नवे होते आणि लिंबाला सलग दोन हंगाम चांगला बाजार मिळाला होता. तुमचे दोन्ही मुलगे, म्हणजे माझे दोन्ही दीर, बागेच्या जोरावर पहिल्यांदाच असं काही घ्यायला निघाले होते, जे घेतल्यावाचून आपलं काही अडत नव्हतं. जीपसारखी उंच, पण आत दिवाणखान्यासारखी गादी, थंड हवेची सोय, गाणी लावायची सोय, बटण दाबलं की खाली जाणारी काच. अशा दोनच गाड्या तेव्हा बोलण्यात होत्या आणि दोन्ही मोठ्या लोकांच्या दारात दिसायच्या. थोरल्यांना पांढरी हवी होती, कारण तालुक्यातले पुढारी तीच वापरायचे. धाकट्यांना दुसऱ्या कंपनीची गर्द हिरवी हवी होती, कारण ती पुढारी वापरत नव्हते. आपल्या घरात तेव्हापासून त्या गाड्यांना कुणी नावानं ओळखलं नाही. पांढरी आणि हिरवी, बस. थोरल्या जाऊबाई पांढरीकडून होत्या. वस्तीवरचे गडी हिरवीकडून होते, कारण धाकटे दीर त्यांना रोज एकदा ती चालवायला देईन म्हणून सांगायचे. काष्टीच्या हॉटेलातसुद्धा दोन पक्ष पडले होते, असं धाकटे दीर चहा पिता पिता मला सांगायचे. "वहिनी, चौकातल्या न्हाव्यानं तर दादाला सांगितलं, पांढरी घेतली तर दाढी फुकाट. म्या म्हनलं, दादा, दाढी कितीची आन् गाडी कितीची!"

मी कुठल्या पक्षात आहे हे कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं कारणही नव्हतं. तुमचा मधला मुलगा, माझा नवरा, काविळीनं जाऊन तेव्हा तिसरं वर्ष लागलं होतं. पदरी मूल नव्हतं. घरात मला कुणी उणं बोललं नाही, हे मी कुणापुढंही सांगेन. पण गावजेवण असो, साखरपुडा असो, देवाला जाणं असो, गाडीत बसायची वेळ आली की सगळ्यांच्या जागा आपोआप ठरायच्या आणि उरलेली जागा माझी असायची. भाड्यानं आणलेल्या जीपमध्ये मागं, सामानाच्या शेजारी, पाठमोरी. मला मागं बसलं की गाडी लागायची. डोकं गरगरायचं, तोंडाला पाणी सुटायचं. म्हणून कुठंही जायचं झालं की मी पिशवीत लिंबं घ्यायची. दोन जाताना, दोन येताना. नखानं साल जराशी खरवडून नाकाशी धरलं की वाट सरायची. ते, तुमचा मुलगा, हयात असताना असं कधी झालं नव्हतं. टेम्पोत लिंबाच्या गोण्या घेऊन ते निघायचे तेव्हा मी कधी कधी दौंडपर्यंत केबिनमध्ये त्यांच्या शेजारी बसून जायचे. पुढची सगळी वाट दिसायची. ते म्हणायचे, "घाबरू नको, खड्डा मला दिसतोय." मला खड्डाही दिसायचा आणि तेही दिसायचे.

त्याच महिन्यात शेवगावहून माझा भाऊ येऊन गेला होता. अंगणात चहा पिताना तो तुमच्यासमोरच म्हणाला होता, "आक्का, दिवाळीला न्यायला येतो. या टायमाला कपडे मोजके घेऊ नको. सगळेच घे." भाऊ वाईट नव्हता, भावजयही नव्हती. तिथं माझ्यासाठी एक खोली त्यानं रंगवूनही ठेवली होती. मी त्याला, विचार करून कळवते, असं म्हणाले. तुम्ही कपबशी उचलून आत गेलात. मला त्या रात्री झोप आली नाही, कारण जा म्हणायला कुणी नव्हतं आणि राहा म्हणायलाही. मी रोज लिंबं निवडायची आणि मनात विचार करायची की दिवाळीनंतर या ढिगापुढं कोण बसेल, आणि पंधरा दिवसांनी कुणालाही ते नवं वाटायचं नाही.

तर ते कागद. दुपारी भाकरी झाल्यावर मी तुम्हाला ते वाचून दाखवायचे. माझी शाळा सातवीत सुटली होती. पुढचं सगळं वाचन लिंबाच्या पेटीत अंथरायला आणलेल्या रद्दीतून झालं. अर्धी बातमी एका पेटीत, अर्धी दुसऱ्या पेटीत. काष्टीच्या वाचनालयातून नंतर पुस्तकं आणायला लागले तेव्हा पहिल्यांदा कळलं की गोष्टीला शेवटही असतो. गाडीचे कागद मात्र निम्मे इंग्रजीत होते. मी एकेक अक्षर जुळवत वाचायची, अडलं की धाकट्या दिरांना विचारायची, आणि तुम्ही मधेच तोडायचा.

"पावर स्टेरिंग म्हंजी?"

"म्हणजे चाक वळवायला जोर लागत नाही, आत्या. गाडीच मदत करते."

"मंग डायवर काय करतो? झोपतो?"

"एअर कंडिशन. थंड हवा."

"ती आपल्या लिंबाखाली फुकाट हाय."

"आरामदायी आठ जणांची बैठक."

त्यावर तुम्ही कागदावर वाकलात. मग म्हणालात, "आठवा कुटं बसतो ते लिवलंय का?" मी कागद उलटसुलट करून पाहिला. पांढरीच्या कागदावर पुढच्या गादीचा मोठा फोटो होता, हिरवीच्या कागदावरही पुढच्याच गादीचा. आठव्याचा फोटो कुणीच काढला नव्हता. तुम्ही "हं" एवढंच म्हणालात आणि संध्याकाळी दोन्ही मुलांना पुढं बसवून फर्मान काढलंत, "कागदावरनं सोयरीक जमत न्हाई. दोनी गाड्या दारात आना. मी बसून बगनार."

आधी पांढरी आली. कंपनीचा पोरगेला माणूस, गळ्यात टाय, पायात आपल्या मातीनं लाल झालेले बूट. त्यानं पुढचं दार उघडून धरलं, "या आजी, बसा." तुम्ही नऊवारीचा काष्टा सावरत गाडीला एक चक्कर मारलीत, मागं गेलात आणि मागच्या दारावर थाप मारलीत. "हे उगड."

"आजी, पुढं बसा ना. पुढून मजा आहे."

"फुडचं फुडं बसनारं बगत्याल. तू उगड."

पांढरीला मागं दोन्ही बाजूंना आडव्या फळीसारख्या गाद्या होत्या, समोरासमोर. थोरले म्हणाले, "आये, तिथं पिशव्या ठेवायच्या असत्यात." तुम्ही ऐकलंच नाही. चढलात, आडव्या गादीवर बसलात आणि म्हणालात, "आता कॅनॉलच्या वाटंनं घे. मंग बागंतनं. मंग वढ्यातनं." तो माणूस थोरल्यांकडं बघायला लागला. थोरले आभाळाकडं. अर्ध्या तासानं गाडी परत आली तेव्हा तुमचा अंबाडा सुटला होता, पदर खांद्यावरून उतरला होता, आणि उतरल्यावर तुम्ही ओट्याचा खांब धरून डोळे मिटून उभ्या राहिलात. मी पाणी आणलं. तुम्ही तांब्या तोंडाला लावला नाहीत. डोळे न उघडताच माझं मनगट धरून विचारलंत, "तुला रोज आसंच हुतं व्हय गं मागं?"

मी म्हणाले, "नाही आत्या, बरं वाटतं मला मागं."

तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत. आयुष्यात तुम्ही मला फार वेळा रागावला नाहीत, म्हणून ते नीट लक्षात आहे. अंगणात गडी होते, तो टायवाला होता, जाऊबाई दारात होत्या, तरी आवाज खाली न करता म्हणालात, "बरं नसताना बरं हाय म्हनू नको. तीन वरसं आयकतीया मी तुजं बरं हाय. आसं बरं बरं म्हनत मानूस घरातनं पुसून जातं, आन् कुनाला कळतबी न्हाई." मग तांब्याभर पाणी गटागट प्यालात आणि टायवाल्याला म्हणालात, "गाडी चांगली हाय तुजी. जेवून जा."

दोन दिवसांनी हिरवी आली. हिरवीला मागची गादी पुढं तोंड करून होती, पण गुडघे हनुवटीला लागायचे. तुम्ही पुन्हा कॅनॉल, पुन्हा बाग, पुन्हा ओढा. धाकटे दीर स्वतः गाडीच्या मागं पळत होते, "आये, कसं वाटतंय? आये, गाणं लावू का?" परत आल्यावर तुम्ही ओट्यावर बसलात, सगळ्यांना बोलावलंत. मला वाटलं आता निकाल लागणार. थोरले दीर घसा खाकरून बसले, धाकटे उभेच. जाऊबाईंनी चहा आणला. तुम्ही बशीत चहा ओतून फुंकर मारत राहिलात आणि मग म्हणालात, "मला इच्यारून काय उपेग? मी सा महिन्यातनं एकदा बसनार. जी मागं बसनार हाय, तिलाच इच्यारा."

आत्या, गोठ्यात म्हैस पाणी पीत होती, तो आवाज मला अजून ऐकू येतो. मागं कोण बसणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, फक्त ते कधी कुणी बोललं नव्हतं. थोरले चुळबुळले. आपल्याकडं थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलत नाही. ते खांबाकडं बघून म्हणाले, "सांगू द्या की मंग." मी हातातलं लिंबू फिरवत बसले होते. तुम्ही माझ्याकडं बघतच नव्हता, बशीत बघत होता. मला वाटलं म्हणावं, तुम्ही घ्याल ती बरी. तोंडावर आलं होतं. मग मनगटावरची तुमची पकड आठवली. मी उठले, हिरवीपाशी गेले, मागं वाकून पाहिलं, मग परत येऊन म्हणाले, "हिरवी."

"का पन?" जाऊबाई म्हणाल्या.

"हिची मागची काच उघडते. पांढरीची उघडत नाही."

धाकटे दीर आधी हसले, मग गडी हसले, मग जाऊबाईसुद्धा. "आरारारा! यवढं विंजन बगितलं, यवढं टायर बगितलं, आन् गाडी ठरली काचंवर!" असं धाकटे दीर डोक्याला हात लावून म्हणत होते आणि आनंदानं नाचत होते. थोरल्यांनी टोपी काढून झटकली, परत घातली आणि म्हणाले, "ठरलं मंग. हिरवी." हे म्हणताना त्यांनी पहिल्यांदा खांबाकडं न बघता माझ्याकडं बघितलं. त्या संध्याकाळी मी उरलेली लिंबं निवडली. तुम्ही एकही लिंबू इकडचं तिकडं केलं नाहीत.

दसऱ्याला गाडी आणायला नगरला गेलो. भाड्याच्या जीपमध्ये मी मागंच होते, आणि माझी दोन लिंबं नाकाशी धरून संपवलीही असती, पण त्या दिवशी बोलण्यात वाट कशी सरली कळलं नाही. चारही लिंबं पिशवीत तशीच राहिली. शोरूमपुढं जत्रा भरल्यासारखी गर्दी. झेंडूच्या माळा, पेढ्यांचे पुडे, रांगेत उभ्या नव्या गाड्या. आपली हिरवी माळ घालून उभी होती आणि धाकटे दीर तिच्या आरशात भांग पाडत होते. जाऊबाईंनी ताट काढलं. हळद, कुंकू, अक्षता, नारळ, सुपारी, उदबत्ती. मग त्यांनी ताटाकडं पाहिलं, ताटाखालच्या पिशवीत पाहिलं, आणि थोरल्यांकडं पाहिलं. "आवो, लिंबं?"

"धाकट्याला सांगितल्यालं."

"मला? दादा, तुमीच म्हनला, लिंबाचं मी बगतो!"

"मी वाशीला पाठवायच्या लिंबाचं म्हनलो आसंन."

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे सगळ्या जगाला माहीत. आणि ज्यांच्या बागेतून ट्रक भरून लिंबू जातं, त्या घरातलं एवढं माणूस नगरला आलं होतं आणि एकाच्याही हातात एक लिंबू नव्हतं. घरात लिंबू असणारच, ते कुणी आठवणीनं कशाला घेईल? पाणी घरातून बरोबर घेतं का कुणी? शेजारच्या गाडीवाल्यानं विचारलं, "पाव्हनं कुठलं?" धाकट्यांनी चटकन सांगितलं, "दौंडचं." काष्टीचं नाव घ्यायची त्यांना लाज वाटली. शोरूमच्या माणसानं कोपऱ्यावरच्या फुलवालीकडं कुणाला तरी पाठवलं. ती म्हणाली, दसरा आहे, लिंबं सकाळीच संपली. तुम्ही गाडीच्या पायरीवर बसून कपाळाला हात लावलात, पण खांदे हसण्यानं हलत होते. "लिंबवाल्यांची गाडी, आन् लिंबापायी आडली! ह्ये गावात सांगू नगा रं कुनी."

मी गर्दीच्या कडेला उभी होते. पूजेच्या वेळी आपण जरा लांब राहायचं, हे मी स्वतःच ठरवलेलं होतं. पिशवी छातीशी धरलेली. दोनदा पाऊल पुढं टाकलं, दोनदा मागं घेतलं. मग पुढं जाऊन पिशवी उघडून धरली. "माझ्याकडं आहेत चार."

जाऊबाई ताट धरून थबकल्या. त्या मनानं वाईट नव्हत्या, आत्या, तुम्हालाही ठाऊक होतं. पण मुहूर्त, नवी गाडी, आणि विधवेच्या पिशवीतली लिंबं. त्यांना ते तसं म्हणवेना. त्या म्हणाल्या, "पन... ही वास घेतल्याली आसत्याल ना. देवाला चालत्याल का?"

तुम्ही पायरीवरून उठलात. "देवाला न्हाई, चाकाला ठेवायचीत. चाकाला काय नाक हाय?" धाकटे दीर फिसकन हसले. जाऊबाईंनी हात पुढं केला, तर तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढं ढकललंत. "जिची लिंबं तिनं ठेवायची. तू ववाळ, ती ठेवंल. काम वाटून घेतलं की लवकर हुतं." एवढंच. भाषण नाही, काही नाही. जसं काही तुम्ही पाट्या उचलायचं काम वाटून देत होता. मी वाकले. एकेका चाकाशी बसून लिंबू ठेवलं. नवं रबर, झेंडूचा वास, उदबत्तीचा धूर. चौथ्या चाकाशी बसले तेव्हा मला ते आठवले, टेम्पोच्या चाकाशी असेच उकिडवे बसलेले. डोळ्यांत पाणी आलं, पण ते धुराचं म्हणून खपून गेलं. जाऊबाईंनी ओवाळलं. धाकट्यांनी गाडी सुरू केली, लिंबं फटाफट फुटली आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. शेजारचा गाडीवाला म्हणाला, "लई रसदार लिंबं हायेत. कुठनं आनली?" तेव्हा मात्र थोरले छाती काढून म्हणाले, "आमच्याच बागंची हायेत. काष्टीची."

मग बसायची वेळ झाली. मी सवयीनं मागच्या दाराकडं वळले. तुम्ही म्हणालात, "तू कुटं निगालीस? तुजी लिंबं चाकाखाली गेली. मागं बसून आता नाकाला काय लावशील? फुडं बस." थोरले पुढच्या सीटवर एक पाय टाकून बसतच होते. तुम्ही त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलंत. "तू मागं. तुला पांढरी पायजे हुती ना? मंग ही मागनं कशी हाय ते बग जरा. काच उगडती तिची."

आत्या, त्या वाटेवर मी इतकी हसले की गाल दुखले. नगर सोडून दौंडच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ज्वारी हातभर वर आली होती, ऊन कोवळं होतं, काचेपलीकडं अख्खा रस्ता माझ्यापुढं उलगडत होता. मधल्या गादीवर तुम्ही आणि जाऊबाई. थंड हवेचं बटण दाबल्यावर तुम्ही पदर डोक्यावरून घेतलात, "बंद कर बाबा, थंडीनं मरन मी," आणि पाचच मिनिटांनी, "जरा लाव की." घाटातली वळणं लागली तशी मागची काच उघडल्याचा आवाज आला. मग थोरल्यांचा आवाज, अगदी बारीक, आणि मी या घरात येऊन इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा थेट मला, "लिंबू... ऱ्हायलंय का गं येखादं?"

गाडी थांबवावी लागली. थोरले बांधावर बसले, धाकटे स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसत होते, जाऊबाई नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता हसत होत्या. घरी आल्यावर थोरल्यांनी एक नियम केला. मागच्या गादीवर माणूस बसवायचं नाही. ती गादी काढून त्यांनी माळ्यावर टाकली, आणि तिथं पुढं कायम लिंबाच्या गोण्या गेल्या. ज्या काचेसाठी गाडी घेतली, त्या काचेशी मी एकदाही बसले नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण, थोरल्यांचा मुलगा आता नवी गाडी घेतोय. पुन्हा दोन गाड्या, पुन्हा घरात दोन पक्ष. परवा तो मला आणि त्याच्या नव्या बायकोला नगरला घेऊन गेला. शोरूममधल्या मुलानं पुढचं दार उघडून धरलं, "या आजी, पुढं बसा." मी मागं गेले, गादी दुमडून तिसऱ्या रांगेत शिरले आणि बसले. गुडघे दुखले. नवी सून हसून म्हणाली, "काकी, तिथं कोण बसणार आहे?" मी म्हणाले, "तेच बघतेय." ती वाकून माझ्याकडं बघत राहिली. हल्लीच्या गाड्यांची मागची काच उघडतच नाही, आत्या. दोन्हींची. मी तसं सांगितलं, तर पुतण्या डोकं खाजवत म्हणाला, मग मागं कुणाला बसवायचंच नाही. म्हटलं, शहाणा आहेस. घरात ती गोष्ट त्याला कुणी सांगितली आहे की नाही मला माहीत नाही.

हे पत्र मी टाकणार कुठं? तुम्हाला वाचता येत नव्हतं, वाचून दाखवणारी मीच होते, म्हणजे हे शेवटी मलाच वाचून दाखवायचं आहे. संध्याकाळी पडवीत बसून वाचीन, आणि मग पेटीत अंथरायच्या रद्दीत ठेवून देईन.

एक तेवढं सांगायचं राहिलं. त्या दिवशी घाटात तुम्ही मागून माझ्या खांद्यावर बोट टोचून विचारलंत, "फुडं कसं वाटतंय?" आणि मी म्हणाले, "बरं वाटतंय, आत्या." तर तेव्हा मला पुढं बसूनही गाडी लागली होती. नव्या गादीचा वास सहन होईना आणि मी दोन्ही तळवे नाकाशी धरून बसले होते, कारण हातांना अजून लिंबाचा वास होता. मी सांगितलं असतं तर तुम्ही गाडी थांबवली असती, आणि मला उतरायचं नव्हतं. तुम्ही बरं नसताना बरं म्हणू नको म्हणाला होता. पण आत्या, मला खरंच बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबं निवडून झाल्यावर मी काष्टीला चालत गेले, बूथवरून शेवगावला भावाला फोन लावला, आणि न्यायला येऊ नको म्हणून सांगितलं.